दोन ठोक्यांच्या मधे

१

आमची पिठाची गिरणी कुंभार पिंपळगावात, बाजारपट्टीच्या मागच्या गल्लीत आहे. पुढं गिरणी, मागं एक खोली, खोलीच्या मागं स्वयंपाकघर. सकाळी शटर वर करायचं, दगडाच्या पाळीवरून फडकं फिरवायचं, बटण दाबायचं. एकदा पट्टा फिरायला लागला की घरात दुसरा आवाज म्हणून ऐकू येत नाही. बाया डबे ठेवून जातात, कुणाची ज्वारी, कुणाचे गहू. संध्याकाळी केसांत, पापण्यांत, कानात पीठ असतं.

पूर्वी हे सगळं माझे मालक बघायचे. गोरक्षनाथ त्यांचं नाव. मी फक्त डबे भरून द्यायचे. एका बाजारच्या दिवशी लाइट गेलेली होती, गिरणी बंद होती, आणि ते गव्हाचं पोतं बाजूला सरकवत होते. सरकवता सरकवता खाली बसले. सदरा घामानं चिंब, ओठ काळेनिळे. जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "अटॅक मोठा आहे. पेशंट शॉकमध्ये आहे."

मला वाटलं, मोटरचा करंट लागला असं म्हणतायत. मी म्हणाले, "साहेब, पण तवा तर लाइटच नव्हती."

डॉक्टर हसले नाहीत. जागरणानं त्यांचेही डोळे लाल झाले होते. म्हणाले, "करंटचा शॉक नाही ताई. हृदय इतकं ढिलं पडलंय की अंगाला रक्त पुरवू शकत नाही. बंद पडलेली नळी आम्ही उघडली. पण हृदय अजून उठायला तयार नाही."

"मेलं का ते?"

"थोडं मेलंय. बाकीचं सुन्न पडलंय. हात अवघडून मुंग्या येतात ना, तसं समजा. त्याला आराम मिळाला तर ते परत जागं होईल. तोवर त्याचं काम थोडं दुसऱ्यानं करायचं."

तो दुसरा म्हणजे एक मशीन. मांडीतून एक नळी वर छातीपर्यंत घातली होती. नळीच्या टोकाला फुगा. दोन ठोक्यांच्या मधे फुगा फुगायचा आणि ठोक्याच्या वेळी बसायचा. मला आत सोडायचे तेव्हा मी खाटेशेजारी उभी राहून त्याचा आवाज ऐकायचे. फस्, टक्. फस्, टक्. माणूस हलत नव्हता, बोलत नव्हता. त्या आवाजावरूनच समजायचं की आहे.

मग एक दिवस मशीन काढलं. हृदयाला आता आपलं आपण जमतंय, असं डॉक्टर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी आम्ही घरी आलो.

२

घरी आल्यावर त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली. गिरणी मी चालवायला लागले. मधेच आत जाऊन गोळ्या द्यायच्या, पाणी मोजून द्यायचं, पायावरची सूज दाबून बघायची, परत बाहेर येऊन डबे भरायचे. सासूबाई, आसराबाई, ओट्यावर बसून असायच्या. त्यांचं वय झालेलं, नळापर्यंत जाऊन आल्या तरी धापा टाकायच्या.

एका दुपारी लाइट गेली. पट्टा फिरत फिरत थांबला आणि घर एकदम शांत झालं. मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. डोळे मिटून पडले होते. मी इतकी दमले होते की बसल्या बसल्या डोकं त्यांच्या छातीवर टेकलं.

ठोका ऐकू आला. मग दुसरा. आणि दोन्हींच्या मधे अजून एक काहीतरी. हळू, दबकं, पण दरवेळी बरोबर मधे.

मी उठून बसले. दवाखान्यात इतके दिवस तो फस्-टक् ऐकलाय, कानातच बसलाय, असं मनाला सांगितलं. तरी संध्याकाळी महजबीन बाजीला बोलावलं. ती आमच्या शेजारची, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं नळी कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"तिसरा आवाज हाये भाभी," ती म्हणाली. "कमजोर दिल में आता है. घाबरू नका. ताकद आली की जातो."

"खरंच असतं का असं?"

"बिलकुल असतं. पुस्तकात हाये."

माझ्या जिवात जीव आला. त्या दिवशी मला चांगली झोप लागली.

३

आणि खरंच ताकद येऊ लागली. आधी ते खाटेवर बसू लागले, मग खोलीतल्या खोलीत फिरू लागले, मग ओट्यापर्यंत येऊन आईशेजारी बसू लागले. तपासणीला आम्ही परत संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी छातीवर जेली लावून पडद्यावर हृदय दाखवलं. पूर्वी जी भिंत नुसती लोंबत होती ती आता आत ओढली जात होती.

"हे बघा, हे जागं झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "शॉकमधून बाहेर येऊन एवढं सुधारणारे पेशंट आम्हाला फार बघायला मिळत नाहीत."

मी विचारलं, "तो तिसरा आवाज?"

त्यांनी नळी लावून ऐकलं. "आता नाही. साफ आहे."

येताना मी बसमध्ये रडले. हे म्हणाले, "आता काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, दमले."

घरी आलो तर सासूबाई ओट्यावर, उन्हातच बसलेल्या. सकाळी भाकरी झाकून ठेवली होती ती तशीच.

"आत्याबाई, आत सावलीत का न्हाई बसलात?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग आपल्या लेकाकडं.

"तू त्याला घिऊन गेल्तीस ना सकाळी?"

"हो की. दवाखान्यात."

"मंग दिवसभर खाटीवर कोण होतं?"

हे हसले नाहीत, याचं मला नवल वाटलं. मीच हसले. म्हातारपण, ऊन, एकटेपण, काहीही असेल. त्यांना हाताला धरून आत आणलं. लाइट नव्हती. खोलीच्या उंबऱ्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि थांबल्या.

खाट रिकामी होती, चादर नीट घातलेली. आणि खाटेकडून आवाज येत होता. ठोका नव्हताच. फक्त मधलं ते. एकदा, मग थोडी जागा, मग परत एकदा.

४

मी शोधलं. माणूस आधी शोधतोच. शेजारच्यांची पाण्याची मोटर बघितली, बंद होती. फ्रिज लाइट नसल्यानं गप्प. खाटेखालचे डबे काढले, उंदीर असेल म्हणून काठी फिरवली. गादी उचलून अंगणात नेली आणि तिच्यावर कान ठेवला. गादीत काही नव्हतं. परत आत आले तर आवाज होता तिथंच.

खाट भिंतीला उभी करून ठेवली. तरी तिथंच. मी गुडघ्यावर बसले आणि जिथं त्यांची छाती यायची तिथं हात पुढं केला. हवा होती नुसती. पण तळव्यावर काहीतरी येऊन टेकत होतं आणि मागं जात होतं. कोमट. मी हात पदराला पुसला. का पुसला ते मला सांगता येणार नाही.

हे दारात उभे होते.

"तुला आत्ता आलं का ऐकू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कधीपासून?"

"दवाखान्यापासून. मशीन काढल्यावर सगळं गप झालं ना, तवाच कळलं मला. मशीन गेलं, पन कुणीतरी काम करूनच राह्यलं होतं." ते खाली बसले. "आधी ते माझ्यात होतं. मला बरं वाटायला लागलं तसं ते बाहेर पडलं. मी उठलो तरी ते उठत न्हाई. तिथंच असतं."

"मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू गिरणी बघून राह्यलीस, मला बघून राह्यलीस. त्यात हे कुठं सांगू?"

मी म्हणाले, डॉक्टरांना सांगू. ते म्हणाले, काय सांगायचं, बरा झालो म्हणून?

थोड्या वेळानं ते म्हणाले, "ते दमलंय मनीषा. ऐक नीट. दमलेल्या मानसासारखं हाये. पन थांबत न्हाई."

त्यानंतर त्यांचं अंथरूण गिरणीत, पोत्यांच्या शेजारी घातलं. मागच्या खोलीला कडी लावली. स्वयंपाकघरात मी बाहेरच्या बोळातून जाऊ लागले. दिवसा गिरणी चालायची म्हणून काही वाटायचं नाही. लाइट गेली की मी उगाच भांडी वाजवायचे.

५

कडी आसराबाईंनी काढली.

लाइट नव्हती, मी पीठ चाळत होते. बघते तर खोलीचं दार उघडं, खाट आडवी टाकलेली आणि सासूबाई तिच्यावर उताण्या, हात पोटावर ठेवून.

"आत्याबाई, उठा. तिथं न्हाई झोपायचं."

"मोकळं राह्यलं तर ते परत त्याच्यातच शिरंल," त्या छताकडं बघत म्हणाल्या. "लेकराचं आत्ता कुठं बरं झालंय. मला काय, मी म्हातारी. माझ्यात राहू दे."

"काय बोलून राह्यलात तुम्ही?"

"तू जाय. डबे भर."

मी त्यांना हाताला धरून ओढायला पाहिजे होतं, पण दारात दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या, आणि मला वाटलं, पडू दे घटकाभर, मग उठवते. मी डबे भरून आत आले तेव्हा त्या स्वतःच उठून बसल्या होत्या. खोलीत मुंगीसुद्धा ऐकू आली असती इतकं गप्प होतं. मी हात पुढं करून बघितला. हवा नुसती हवा होती.

पुढचे दिवस सांगायलाही विचित्र वाटतात, कारण ते चांगले गेले. नळापर्यंत जाताना बसणारी म्हातारी घागर भरून आणू लागली. एकदा सकाळी न सांगता निघाल्या आणि शेजारच्या गावी, जांब समर्थला पायी जाऊन, देवळात नारळ फोडून पायीच परत आल्या. धाप नाही, घाम नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लेक बरा झाला म्हणून आसराबाईला नवी ताकद आली. मीही तसंच म्हणायचे.

फक्त त्या बोलेनाशा झाल्या. जेवण कमी झालं. डोळे खोल गेले. केव्हाही बघावं तर जाग्या. एकदा मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मनीषा, मला लई झोप आलीय गं. पन हे झोपू दीना."

६

त्या गेल्या त्या भर दुपारी, गिरणी चालू असताना. मी चहा घेऊन गेले तर भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड उघडं, डोळे अर्धे. हात गार पडलेला. मी ओरडले तेव्हा ह्यांनी गिरणी बंद केली.

महजबीन बाजी धावत आली. मानेला बोटं लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. गावातले रामप्रसाद डॉक्टर ईसीजीचं छोटं मशीन घेऊन आले. कागदावर रेघ सरळ आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

"गेल्या," डॉक्टर म्हणाले. "बराच वेळ झाला जाऊन."

आम्ही त्यांना खाली घेतलं, आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. लुगडं नेसवताना माझा हात त्यांच्या छातीवरून गेला आणि तिथंच थांबला.

महजबीन बाजी समोर बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. क्षणभर ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तिचे ओठ हलायला लागले, ती काहीतरी पुटपुटत होती.

"बाजी," मी म्हणाले.

"डॉक्टरसाहेब," ती मोठ्यानं म्हणाली, "एकदा और काढा ना पट्टी. मेहरबानी करा."

डॉक्टरांनी परत काढली. परत सरळ रेघ. ते थोडे वैतागले. "सिस्टर, तुम्हीच असं म्हणायला लागल्यावर घरच्यांनी काय करावं?"

बाहेर तिरडी बांधून झाली. माणसं जमली. आसराबाईंना गिरणीत आणून ठेवलं, वर पांढरं कापड घातलं. बायांनी रडायला सुरुवात केली. मी त्या कापडाकडं बघत होते. छातीच्या जागी कापड वर येत होतं आणि खाली जात होतं. अगदी थोडं. वारा म्हणावा तर वारा नव्हता. पंखा मी स्वतः बंद केला होता.

कुणाला दिसत होतं की नाही मला माहीत नाही. दोन म्हाताऱ्या बोलता बोलता मधेच गप्प झाल्या होत्या आणि दुसरीकडं बघत होत्या.

"चला, उशीर होऊन राह्यला," बाहेरून कुणी म्हणालं.

मी ह्यांच्याजवळ गेले. "असं नेऊ नका त्यांना," मी म्हणाले. "असं जाळू नका."

"मला दिसून राह्यलं," ते म्हणाले.

ते आईशेजारी बसले. कानाशी वाकले आणि हळू म्हणाले, "बस झालं. थांब आता. झालं काम." कापड हलतच होतं. त्यांनी परत सांगितलं, हात जोडून सांगितलं. काही फरक पडला नाही.

मग ते आईच्या अंगावर पालथे पडले. छातीला छाती लावून, दोन्ही हातांनी तिला कवळून. लोकांना वाटलं, लेक रडतोय. काही जण त्यांना उठवायला पुढं झाले, मी मधे आडवी आले. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. ते म्हणत होते, "मंग चल माझ्यासंगं. तिला सोड."

ते उठले तेव्हा कापड सपाट होतं. गालावरचं पाणी पुसून त्यांनी आगीचं मडकं उचललं आणि सगळ्यांच्या पुढं चालू लागले. गल्लीच्या टोकापर्यंत मी बघत होते. ज्या माणसाला डॉक्टरांनी जड उचलू नको, भराभरा चालू नको म्हणून सांगितलं होतं, त्याला गाठायला मागच्यांना पळावं लागत होतं.

७

आमची एकुलती एक लेक संध्या, परतूरला दिलेली. तिला दिवस गेले होते म्हणून आजीच्या मातीला आम्ही तिला येऊ दिलं नाही. पोटुशी बाईनं मयताला जाऊ नये म्हणतात. माझ्या दृष्टीनं कारण तेवढंच नव्हतं.

त्यानंतर ह्यांनी गिरणी पूर्ववत हातात घेतली. पोती उचलायचे, मला पडू द्यायचे. तपासणीला डॉक्टरांनी पडदा बघून स्वतःच्या हाताखालच्या पोरांना बोलावून दाखवला. "बघा, एवढ्या मोठ्या शॉकनंतर हृदय नॉर्मलवर आलंय." ह्यांनी विचारलं, "साहेब, याला आता आराम कसा द्यायचा?" डॉक्टर म्हणाले, "कशाला आराम? कामाला लागा."

घरी ते झोपत नव्हते. डोळे मिटून पडायचे, पण मला कळायचं. त्यांच्या डोळ्यांखाली आईसारखेच खड्डे पडायला लागले. मला ते जवळ येऊ देत नव्हते. ताटसुद्धा लांबूनच घ्यायचे.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. संध्या येणार म्हटल्यावर ते म्हणाले, "मी जातो धावड्याला, चुलतभावाकडं. तिचं बाळंतपण व्हईस्तोर तिकडंच ऱ्हातो."

"तिला काय सांगू?"

"सांग काहीबी. पन मी घरी नको."

मी त्यांची पिशवी भरली. गोळ्या, धोतर, टॉवेल. पिशवी घेऊन ते चपला घालत होते, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. जावईबापूंना सुट्टी आधी मिळाली म्हणून ते तिला ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच घेऊन आले होते. फोन केला नव्हता, आम्हाला चकित करायचं होतं.

संध्या रिक्षातून उतरली. पोट चांगलं पुढं आलेलं. आजारपणानंतर बापाला तिनं एवढं उभं, धडधाकट पहिल्यांदाच बघितलं होतं.

"दादा!" ती म्हणाली.

ते मागं सरकले. मागं गव्हाची पोती होती. त्यांनी हात पुढं केला, थांब म्हणून, पण तिला वाटलं जवळ बोलावतायत. ती जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. आजीचं नाव घेऊन रडायला लागली. पोट त्यांच्या पोटाला लागलेलं. त्यांचे हात हवेतच होते, तिला ढकलावं की नाही अशा विचारात.

मग त्यांचे हात खाली आले.

"दादा, काय झालं? धाप का लागली?"

"काय न्हाई," ते म्हणाले आणि पोत्यावर बसले. कपाळाला घाम आला होता. किती दिवसांनी आला होता. "दमलो. पाणी दे गं मनीषा."

पाणी पिऊन ते तिथंच आडवे झाले आणि बघता बघता झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत. जावईबापूंनी नमस्कार केला तरी उठले नाहीत.

संध्या माझ्या शेजारी टेकली. चेहऱ्यावर रडू होतं आणि एकदम हसू आलं. तिनं पोटावर हात ठेवला.

"आई, बघ ना. हे आत्ता सुरू झालं. लाथ न्हाई मारत. एकसारखं वाजून राह्यलं."

महजबीन बाजी रिक्षा बघून आलीच होती. ती दारातच थांबली. "उचकी असंल," ती म्हणाली. "पेट में बच्चे को उचकी लागते. बराबर लयीत लागते." बोलली, पण हात लावायला पुढं आली नाही.

संध्यानं माझा हात ओढून पोटावर ठेवला. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, मी काय म्हणते म्हणून.

"चांगलं हाये," मी म्हणाले. "जोरात हाये चांगलं."